रयत, नागरिक आणि कोयता

२० नोव्हेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र विधानसभेच्या निवडणुकीचे मतदान चालू असताना बीड जिल्ह्यातील घाटनांदूर येथे जमाव मतदान केंद्रात घुसला, मतदान यंत्रांची मोडतोड झाली आणि काही काळ मतदान बंद पडले. अंबाजोगाई तालुक्यातील, विकाराबाद-परळी लोहमार्गावरचे हे गाव त्या दिवशी राज्यभरच्या वृत्तपत्रांत झळकले. त्यानंतर एकोणीस दिवसांनी, ९ डिसेंबरला, शेजारच्या केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून त्यांचा निर्घृण खून करण्यात आला. या घटनांमागे कोण होते याचा निवाडा न्यायालयांनी करावयाचा आहे. तो आमचा आजचा विषय नाही. परंतु या निमित्ताने कार्यकर्त्यांनी आणि हितचिंतकांनी एका अधिक मूलभूत प्रश्नाचा विचार करावा असे आम्हांस वाटते. ज्या गावात प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला एक मत आहे आणि त्या मताची किंमत सारखी मानलेली आहे, त्या गावापर्यंत हा विचार आला कोठून, तो कोणी आणला, आणि तो गावाच्या जीवनात किती खोल रुजला?

माणूस बुद्धीने विचार करू शकतो, म्हणून त्याच्यावर राज्य करणाऱ्याने त्याला कारणे दिली पाहिजेत, हे सूत्र आज आपल्याला साधे वाटते. तीनशे वर्षांपूर्वी ते राजद्रोहाइतकेच भयंकर होते. राजा ईश्वराने नेमलेला असतो आणि प्रजेने आज्ञा पाळावयाची असते, या समजुतीवर जगातील बहुतेक सिंहासने उभी होती. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात जॉन लॉकने सांगितले की राज्यसत्ता ही लोकांच्या संमतीतून निर्माण होते आणि ती विश्वासघात करील तर लोकांना ती बदलण्याचा अधिकार आहे. १७४८ मध्ये माँतेस्क्यूने कायदा करणारा, तो अंमलात आणणारा आणि न्याय देणारा हे हात वेगळे असावेत असे प्रतिपादन केले. १७६४ मध्ये इटलीत बेकारियाने आरोपीचा छळ करून कबुली घेणे हे अमानुष तर आहेच, पण निरुपयोगीही आहे, असे दाखवून दिले. १७७६ चा अमेरिकन स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि २६ ऑगस्ट १७८९ चा फ्रान्सचा मानवी हक्कांचा जाहीरनामा हे या विचारांचे राजकीय फळ होय. पुराव्याशिवाय शिक्षा नाही, संमतीशिवाय कर नाही, धर्म कोणता यावरून नागरिकाची लायकी ठरणार नाही, या गोष्टी तेव्हापासून राज्यकारभाराच्या कसोट्या ठरल्या.

तत्त्व आणि त्याचे मालक

तथापि हा इतिहास केवळ गौरवाने सांगून भागत नाही. माणसाच्या नैसर्गिक हक्कांची मांडणी करणाऱ्या लॉकचे पैसे गुलामांच्या व्यापारात गुंतलेले होते. अमेरिकेच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्यांपैकी अनेकजण गुलामांचे मालक होते. फ्रान्समध्ये ओलँप द गूज या स्त्रीने १७९१ मध्ये स्त्रियांच्या हक्कांचा स्वतंत्र जाहीरनामा लिहिला; दोन वर्षांनी तिचे शिर उडविण्यात आले. फ्रेंच साम्राज्यातील हैतीच्या गुलामांनी मात्र १७८९ चा जाहीरनामा अक्षरशः खरा मानला. ते उठले, लढले, आणि नेपोलियनने गुलामगिरी पुन्हा लादू पाहिली तेव्हा त्याच्या सैन्याचा पराभव करून १ जानेवारी १८०४ रोजी त्यांनी आपले स्वतंत्र राष्ट्र उभे केले.

यातून समाजवाद्याने एक धडा घ्यावयाचा आहे. समतेचे तत्त्व ज्यांनी प्रथम लिहिले त्यांनी ते आपल्यापुरते लिहिले. ज्यांना त्यातून वगळले होते त्यांनी ते हाती घेतले तेव्हाच ते सर्वांचे झाले. तत्त्वाचा जन्म कोठे झाला यावरून ते कोणाचे हे ठरत नाही; ते कोण वापरतो यावरून ठरते.

महाराष्ट्रात हेच घडले. जोतिराव फुले यांनी तरुणपणी थॉमस पेनचा मानवी हक्कांवरील ग्रंथ वाचला. पेनने तो राजे आणि सरदार यांच्याविरुद्ध लिहिला होता. जोतिरावांनी त्यातील युक्तिवाद भटशाहीला आणि जातिव्यवस्थेला लावला, आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढून तो घरापर्यंत नेला. १८७३ मधील 'गुलामगिरी' त्यांनी गुलामगिरी नष्ट करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केली. शूद्रातिशूद्रांचे दास्य आणि निग्रोंचे दास्य ही एकाच जातीची दुखणी आहेत हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. त्याच वर्षी सत्यशोधक समाज स्थापन झाला. माणूस आणि निर्मिक यांच्यामध्ये दलाल नको, हे त्याचे म्हणणे धर्माच्या क्षेत्रातील संमतीचे तत्त्वच होते. आगरकरांचे उदाहरणही असेच बोलके आहे. ज्या मिल्लच्या विचारांनी ते भारावले होते, तो मिल्ल पस्तीस वर्षे ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर होता आणि हिंदुस्थानचे लोक प्रातिनिधिक राज्यास अजून पात्र नाहीत असे त्याचे मत होते. १८८८ मध्ये 'सुधारक' काढणाऱ्या आगरकरांनी मिल्लचा बुद्धिवाद घेतला आणि त्याने हिंदी माणसाला वगळणारी जी मर्यादा घातली होती ती बाजूला ठेवली.

या परंपरेचे शिखर म्हणजे महाड. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्याच वर्षीच्या डिसेंबरातील परिषदेत त्यांनी त्या मेळाव्याची तुलना १७८९ मध्ये व्हर्सायला भरलेल्या फ्रेंच लोकप्रतिनिधींच्या सभेशी केली. पाणी हे निमित्त आहे, समतेची स्थापना हा हेतू आहे, असा त्या भाषणाचा आशय होता. तळ्याचा दावा उच्च न्यायालयात निकाली निघावयास १९३७ साल उजाडले. पण १९५० च्या राज्यघटनेतील पंधरावे कलम वाचले की विहिरी, तळी, स्नानाचे घाट आणि रस्ते यांचा त्यात नावानिशी उल्लेख सापडतो. पॅरिसमधून निघालेला विचार महाडच्या पायऱ्यांवरून घटनेत गेला तो असा. वाटेत त्याला जी भर पडली ती पॅरिसला ठाऊक नव्हती.

फर्मानाखालचा मुलूख

घाटनांदूरची वाट मात्र याहून बिकट होती. ब्रिटिश मुलखात निदान सभा भरविता येत होती आणि वृत्तपत्र काढता येत होते. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. अंबाजोगाईचे नाव तेव्हा मोमिनाबाद होते. लोकांनी निवडलेले, सरकारला जाब विचारू शकणारे विधिमंडळ तेथे नव्हते. राजाची इच्छा फर्मानाच्या रूपाने प्रकट होई आणि तोच कायदा ठरे. 'गश्ती निशाण ५३' या नावाने कुप्रसिद्ध असलेल्या हुकमान्वये सभेला आधी परवानगी घ्यावी लागे. मुलखाचा मोठा भाग जहागिरींत आणि निजामाच्या खाजगी मालकीच्या सर्फेखासमध्ये वाटलेला होता. तेथील शेतकऱ्याच्या दृष्टीने सरकार म्हणजे जहागीरदाराचा माणूस. तो रयत होता. नागरिक हा शब्द त्याच्या वाट्याला आलेला नव्हता.

१९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती रीतसर स्थापन होण्यापूर्वीच बंदी घालण्यात आली. त्याच वर्षी उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत वंदे मातरम् म्हटले म्हणून विद्यार्थ्यांना काढून टाकले गेले आणि त्यांतील कित्येकांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. या लढ्याचे नेतृत्व करणारे स्वामी रामानंद तीर्थ संन्यासी होते, शिक्षक होते, आणि कामगार चळवळीत ना. म. जोशी यांच्या हाताखाली तयार झालेले होते. अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा हे त्यांचे एक कार्यक्षेत्र. जबाबदार राज्यपद्धती, म्हणजे लोकांना उत्तरदायी असणारे सरकार, ही त्यांची मागणी होती. लॉकचे नावही न ऐकलेल्या खेड्यापाड्यांतील माणसांनी त्या मागणीसाठी तुरुंग पत्करला.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट कोसळली. तो दिवस आपण मुक्तिदिन म्हणून साजरा करतो आणि ते योग्यच आहे. परंतु विवेकाचे नाव घेणाऱ्याने त्या दिवसांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रझाकारांनी केलेल्या अत्याचारांइतकीच, पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यातील जिल्ह्यांत निरपराध मुसलमान रयतेवर जे अत्याचार झाले तीही आपल्या इतिहासाची वस्तुस्थिती आहे. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने ती नोंदविली आणि तो अहवाल कित्येक दशके दडवून ठेवला गेला. व्यक्तीचा हक्क हा तिच्या जमातीवरून मोजावयाचा नसतो. राजाचा धर्म कोणता होता यावरून त्याच धर्माच्या विणकराला किंवा शेतमजुराला अपराधी ठरविणे ही फर्मानशाहीचीच उलटी प्रत होय.

२३ नोव्हेंबर १९४९ रोजी निजामाने भारताची राज्यघटना आपल्या राज्यास मान्य असल्याचे फर्मान काढले. फर्मानांचे राज्य एका फर्माननेच आवरले. त्या आधी ऑगस्टमध्ये जहागिरी खालसा झाल्या होत्या. १९५० च्या हैदराबाद कुळकायद्याने कुळांना संरक्षण दिले. १९५१-५२ च्या हिवाळ्यात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा मराठवाड्यातील अक्षरशत्रू स्त्रीने मतपेटीत मत टाकले. फ्रान्सच्या स्त्रियांनी आपले पहिले मत १९४५ मध्ये दिले होते. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यानंतर त्यांना दीडशेहून अधिक वर्षे थांबावे लागले. आपल्याकडील स्त्रीला घटनेच्या पहिल्या दिवसापासून तो हक्क मिळाला. ही देणगी नव्हती. जोतिराव-सावित्रीबाईंपासून महाडपर्यंतच्या आणि अंबाजोगाईपासून हैदराबादच्या तुरुंगापर्यंतच्या कष्टांची ती कमाई होती.

दोन माणसे, एक कोयता

येथपर्यंत राज्य बदलले. समाज किती बदलला, हे पाहावयाचे असेल तर दसरा-दिवाळीनंतर बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील कोणत्याही गावात जावे. घरांना कुलपे, दारात म्हातारी माणसे, आणि सारे तरुण हातपाय ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात गेलेले. त्यांच्या कामाचा हिशेब मुकादमाच्या वहीत ज्या एककाने होतो त्याला 'कोयता' म्हणतात. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून. एकटा माणूस आला तर तो 'अर्धा कोयता'. हंगामापूर्वी दिली जाणारी उचल कोयत्यावर दिली जाते आणि ती पुरुषाच्या हाती पडते. पहाटे उठून ऊस तोडणे, मोळ्या बांधणे, डोक्यावरून गाडीत भरणे, यांत स्त्रीचा वाटा बरोबरीचा असतो. त्याखेरीज पाणी, चूल आणि मूल तिच्याकडेच. पण वहीत तिच्या नावाची ओळ नसते. ती आजारी पडली तर 'खाडा' मात्र तिच्यामुळे पडतो आणि त्याचे पैसे कापले जातात.

प्रबोधनयुगाच्या विचाराने माणसाला कुळ, जात, गाव यांतून वेगळे काढून 'व्यक्ती' म्हणून मोजावयास शिकविले. भारताच्या घटनेने बीडच्या स्त्रीला पूर्ण नागरिक म्हणून मोजले. मुकादमाची वही तिला अजूनही अर्धे अवजार म्हणून मोजते. या दोन हिशेबांमधील अंतर हेच आजच्या आपल्या राजकारणाचे खरे क्षेत्र आहे.

हे अंतर शब्दांचे नाही, ते देहावर उमटलेले आहे. खाडा टाळण्यासाठी, पाळीच्या त्रासातून सुटण्यासाठी, डॉक्टरांनी भीती घातल्यामुळे, अशा कारणांनी ऊसतोडणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये काढली जात असल्याचे २०१९ मध्ये उघडकीस आले. त्यानंतर सरकारी पातळीवर झालेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांवर ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. याच जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे केवळ ८०७ मुली होत्या. राज्यातील हे सर्वांत खालचे प्रमाण होते. जिला जन्माला येण्याचा हक्क झगडून मिळवावा लागतो आणि जिचे शरीर मजुरीच्या हिशेबात कापले जाते, तिच्या हातातील मतपत्रिका कितीही पवित्र असली तरी तिचे नागरिकत्व अपुरेच राहते.

उचल ही बाब तर थेट कायद्याच्या कक्षेत येते. आगाऊ रक्कम देऊन माणसाची मजुरी आणि त्याची ये-जा बांधून ठेवणे याला १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने गुन्हा ठरविले आहे. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणे ही घटनेच्या तेविसाव्या कलमाखालील वेठच होय, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात दिला. भूक हीदेखील सक्ती असू शकते, हे न्यायालयाने तेथे मान्य केले. उदारमतवादी तत्त्वज्ञानाला समाजवादाने घातलेली भर ती हीच. करार दोघांच्या संमतीने झाला एवढे पुरेसे नाही; संमती देणाऱ्याला 'नाही' म्हणण्याची ऐपत होती काय, हेही पाहावे लागते. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आणला, तेव्हा गावातच काम मागण्याचा हक्क देऊन राज्याने मजुराला ही ऐपत काही अंशी दिली होती. ती हमी जेथे जेथे पातळ झाली, तेथे तेथे मुकादमाची उचल घट्ट झाली.

ऐन गळीत हंगामात निवडणूक आली म्हणजे या मजुराचे नाव गावच्या यादीत आणि देह उसाच्या फडात, अशी स्थिती होते. त्याला मतदानाला आणण्याच्या गाड्या जो पाठवितो तो मताचाही मालक होऊ पाहतो. मतदान केंद्रावर चाल करून जाण्याचे धैर्य गुंडाला येते ते याच मुळातून. ज्या समाजात बहुसंख्य माणसे रोजच्या भाकरीसाठी कोणा एकाची बांधील असतात, तेथे एक माणूस, एक मत हे तत्त्व कागदावर राहते आणि 'आपला माणूस' हे तत्त्व गावात राज्य करते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना डॉ. आंबेडकरांनी हाच इशारा दिला होता. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता ही विसंगती आपण लवकर दूर केली नाही, तर विषमतेने होरपळलेले लोक लोकशाहीचा डोलाराच उद्ध्वस्त करतील, असे त्यांनी बजावले होते.

दोन आक्षेप

व्यक्तीच्या हक्कांविषयी दोन आक्षेप वारंवार ऐकू येतात. पहिला आक्षेप उजवीकडून येतो: हे सारे परकीय आहे, आमची संस्कृती कर्तव्याची आहे. त्याला उत्तर असे, की कर्तव्य नेहमी खालच्याने करावयाचे आणि संस्कृतीचे रक्षण वरच्याने करावयाचे, ही वाटणी कोणी केली ते आधी सांगावे. डॉ. आंबेडकरांनी स्वातंत्र्य, समता, बंधुता ही त्रयी आपण बुद्धाकडून घेतल्याचे सांगितले होते, याचीही या मंडळींनी आठवण ठेवावी. कारणे मागणारा माणूस या मातीत उपरा नव्हता आणि नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घालणाऱ्यांना परकीय विचाराची भीती वाटत नव्हती. प्रश्न विचारणाऱ्या मराठी माणसाची वाटत होती. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो त्यांच्या अठरा वर्षांच्या चिकाटीचे फळ होय.

दुसरा आक्षेप आपल्यातूनच येतो: व्यक्तिस्वातंत्र्य ही पोट भरलेल्यांची चैन आहे, आधी भाकरी, मग हक्क. या युक्तिवादाची परीक्षा आणीबाणीत होऊन गेली आहे. १९७५ ते १९७७ या काळात गरिबीच्या नावाने हक्क गोठविले गेले, समाजवादी कार्यकर्त्यांनी तुरुंग भरले, आणि २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने बेकायदा अटकेविरुद्ध नागरिकाला दादच नाही असे सांगितले. न्या. खन्ना एकटे विरोधात उभे राहिले. बहुमताचे ते मत चुकीचे होते हे न्यायालयाने २०१७ मध्ये स्वतःच नोंदविले. पण दरम्यान सक्तीच्या नसबंदीची झळ ज्यांना बसली त्यांत गरीबच अधिक होते. भाकरी मागण्यासाठीही तोंड उघडे असावे लागते. हक्क आधी की भाकरी आधी हा वाद म्हणूनच खोटा आहे.

आणि केवळ बहुसंख्येचे नाव घेऊनही हक्क राखता येत नाहीत, हे मराठवाड्याने पाहिले आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर दलित वस्त्या पेटल्या. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होईपर्यंत सोळा वर्षे गेली. ज्या प्रदेशाने निजामाविरुद्ध नागरिकत्वासाठी लढा दिला होता, त्यातील काहींना शेजारच्या वस्तीचे नागरिकत्व सोसवत नव्हते. राज्याशी लढताना मिळालेला हक्क शेजाऱ्याला देताना जो हात आखडतो, त्याने तो हक्क समजून घेतलेला नसतो.

काय करावयाचे

आमच्या कार्यकर्त्यांपुढील काम यातून स्पष्ट होते. ऊसतोड स्त्रीचे नाव मजुरीच्या नोंदीत स्वतंत्र यावे, तिची मजुरी तिच्या स्वतःच्या खात्यात जमा व्हावी, आणि 'कोयता' हे एकक हिशेबातून हद्दपार व्हावे, ही मागणी प्रत्येक गावात उभी करावी. राज्य शासनाने ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ काढले आहे. त्याच्या योजनांत किती जणांची, आणि त्यांत किती स्त्रियांची, नोंद झाली हे माहितीच्या अधिकाराखाली विचारावे. २००५ चा तो कायदा म्हणजे कारणे मागण्याच्या तत्त्वाचे आपल्या काळातील सर्वांत सोपे हत्यार आहे. हंगामी मजुराला जेथे असेल तेथून मत देण्याची सोय व्हावी यासाठी निवडणूक आयोगाकडे पाठपुरावा करावा. ग्रामसभा कागदावर न होता खरोखर भराव्यात, आणि त्यांत खर्चाचा तपशील मोठ्याने वाचला जावा, असा आग्रह धरावा. धमकी आली तर एकट्याने तोंड देऊ नये. पाच गावांनी मिळून द्यावे.

हे काम करताना एक पथ्य पाळावयाचे आहे. ज्या संघटनेत कार्यकर्ता पुढाऱ्याला कारण विचारू शकत नाही, जेथे स्त्रिया मोर्च्यात पुढे आणि बैठकीत मागे असतात, जेथे उमेदवार जातीची बेरीज करून ठरतो, ती संघटना समाजाला नागरिकत्व शिकवू शकणार नाही. स्वामीजींच्या पिढीने राजाकडून जाब मागितला. आपल्याला तो कारखानदाराकडून, मुकादमाकडून, ठेकेदाराकडून आणि स्वपक्षाच्या पुढाऱ्याकडूनही मागावयाचा आहे.

राजवट १९४८ मध्ये गेली. घटना १९५० मध्ये आली. या दोन्ही गोष्टी आपल्या वाडवडिलांनी करून ठेवल्या. वहीत अर्धा कोयता म्हणून नोंदलेल्या माणसाला पूर्ण नागरिक करणे हे त्यांनी आपल्यासाठी मागे ठेवलेले काम आहे, आणि ते पुढच्या पिढीवर टाकण्याचा अधिकार आपल्याला नाही.